गोल्फमुळे आयुष्य पाच वर्षांनी वाढतं का? एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य जवळपास सगळेच लिहितात: ‘आधीच्या संशोधनातून असे सिद्ध झाले आहे की...’ मीही लिहिलं होतं. पहिल्या सादरीकरणाच्या वेळी समितीतल्या एका मॅडमनी नेमकं त्या वाक्याशी थांबवलं आणि विचारलं, "हा पेपर पूर्ण वाचलाय का तुम्ही?" मी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचला होता. खरं सांगायचं तर त्यातलंही शेवटचं वाक्यच डोक्यात राहिलं होतं. पुढची दहा मिनिटं कशी गेली ते सांगत नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आज आपण एक पेपर सोबत वाचू या, अगदी संथपणे.

विषय मुद्दाम आपल्या कोणाच्याच अभ्यासक्रमात नसलेला घेतलाय: गोल्फ. तुमच्यापैकी फार कमी जणांनी गोल्फची काठी हातात धरली असेल. मीही धरलेली नाही. त्यामुळे निष्कर्ष काहीही निघाला तरी आपलं काही बिघडत नाही, आणि चिकित्सा शिकायला अशी अलिप्त जागा बरी. स्वतःच्या विषयातला पेपर वाचताना आपण नकळत कुणाची तरी बाजू घेतलेली असते.

दावा नेमका कुठून आला?

‘जास्तीत जास्त लोकांनी गोल्फ खेळायला हवं’ असं गोल्फच्या संस्था फार पूर्वीपासून म्हणतात, त्यात नवल नाही. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या म्हणण्याचा सूर बदलला. आधी मजा, मोकळी हवा, ओळखीपाळखी असं सांगितलं जायचं. आता आरोग्य सांगितलं जातं. २०१८ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये गोल्फ आणि आरोग्य यांवर तज्ज्ञांचं एक सहमतीपत्रही आलं. लोकांनी, धोरण ठरवणाऱ्यांनी आणि गोल्फ उद्योगाने काय करावं, हे त्यात मांडलंय.

या सगळ्या चर्चेत एक आकडा पुन्हा पुन्हा येतो: गोल्फ खेळणाऱ्यांचा मृत्युदर ४० टक्क्यांनी कमी, म्हणजे सुमारे पाच वर्षं जास्त आयुष्य. हा आकडा स्वीडनच्या करोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांच्या पेपरमधला आहे. फराहमंद आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २००९ साली ‘स्कँडिनेव्हियन जर्नल ऑफ मेडिसिन अँड सायन्स इन स्पोर्ट्स’मध्ये छापून आला. आपण तोच उघडू या.

आधी जमेची बाजू

चिकित्सा म्हणजे चुका काढणं असा आपला एक समज असतो. जर्नल क्लबमध्ये जो जास्त चुका काढतो तो हुशार. पण पेपरने काय नीट केलंय हे आधी लिहून काढल्याशिवाय त्यात काय कमी आहे हे दिसत नाही, म्हणून तिथून सुरुवात.

संशोधकांनी स्वीडिश गोल्फ महासंघाच्या सदस्यांची नोंदवही घेतली आणि ती देशाच्या मृत्यू नोंदणीशी जोडली. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक असतो, त्यामुळे अशी जोडणी तिथे शक्य होते. एकूण ३,००,८१८ गोल्फर. त्या वेळच्या स्वीडनची लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास होती, म्हणजे जवळजवळ दर तीस माणसांमागे एक जण या अभ्यासात आहे. प्रश्नावली भरून घेतलेली नाही, त्यामुळे ‘तुम्ही आठवड्यातून किती वेळा खेळता?’ याला लोक जी फुगवून उत्तरं देतात तो त्रास इथे नाही. शिवाय तुलना करताना वय, लिंग आणि सामाजिक-आर्थिक स्तर यांनुसार गट पाडलेत. ‘गोल्फर श्रीमंत असतात म्हणून जास्त जगतात’ हा आपल्या सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येणारा आक्षेप लेखकांच्याही मनात आला होता, आणि त्यांनी त्यावर काम केलंय. तेव्हा तेवढंच बोलून थांबलात तर व्हायव्हात तुमची पंचाईत होईल.

एसएमआर म्हणजे काय?

पेपरचा मुख्य आकडा आहे एसएमआर ०.६०. एसएमआर म्हणजे प्रमाणित मृत्यू गुणोत्तर. काढायला सोपं आहे. गोल्फरांमध्ये प्रत्यक्ष किती मृत्यू झाले ते मोजायचं: १,०५३. मग त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या, त्याच स्तरातल्या स्वीडनमधल्या सर्वसाधारण लोकांचा मृत्युदर या तीन लाख लोकांना लावला असता तर किती मृत्यू ‘अपेक्षित’ होते ते काढायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर ०.६० आलं, म्हणजे अपेक्षित मृत्यू साधारण १,७५५ होते. विश्वासार्हतेची ९५ टक्क्यांची मर्यादा ०.५७ ते ०.६४. इतकी अरुंद मर्यादा म्हणजे हा फरक योगायोगाने आलेला नाही.

आता कागद-पेन घ्या. १,०५३ ला तीन लाखांनी भागलं तर हजारी साडेतीन मृत्यू. अपेक्षित होते हजारी सुमारे ५.८. म्हणजे निव्वळ फरक हजार माणसांमागे अडीचपेक्षाही कमी. ‘४० टक्के’ आणि ‘हजारात सव्वादोन-अडीच’ ही दोन्ही वर्णनं खरीच आहेत. पण बातमीत नेहमी पहिलं येतं. तुमच्या लिखाणात दोन्ही यायला हवीत.

आता मुख्य प्रश्न. अपेक्षित मृत्यू काढताना तुलना कोणाशी केली? सर्वसाधारण लोकसंख्येशी. त्या लोकसंख्येत अंथरुणाला खिळलेले आहेत, कॅन्सरचे उपचार घेणारे आहेत, पक्षाघात झालेले आहेत. गोल्फ क्लबच्या नोंदवहीत अशी माणसं किती असणार? ज्याचे गुडघे गेले, ज्याला दम लागायला लागला, तो पुढच्या वर्षी सदस्यत्वाचे पैसे भरत नाही. नोंदवहीतून त्याचं नाव जातं आणि सर्वसाधारण लोकसंख्येत मात्र तो राहतो. म्हणजे गोल्फ खेळल्याने कुणी निरोगी झालेला नसतानाही एसएमआर एकपेक्षा कमी येईल, केवळ निरोगी माणसंच त्या यादीत टिकतात म्हणून.

रोगपरिस्थितीविज्ञानात याला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात. कारखान्यातल्या कामगारांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी दिसतो. त्याचं कारण कारखान्याची हवा चांगली असते हे नाही, आजारी माणूस कामावर राहत नाही हे आहे. इथे कारखान्याच्या जागी क्लब आहे, एवढंच.

पँटच्या मापाची गोष्ट

हा मुद्दा पक्का बसावा म्हणून एक जुना किस्सा सांगते, तो प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा.

१९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वर-खाली. दोघं एकाच संस्थेचे नोकर, साधारण एकाच सामाजिक स्तरातले. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी निघालं. शारीरिक हालचाल आणि हृदय यांचा संबंध दाखवणारा हा पायाभूत अभ्यास मानला जातो. आपल्याकडे एसटीच्या डेपोत बसूनही ही कल्पना सुचू शकली असती, इतकी ती साधी आहे.

पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांना शंका आली: ड्रायव्हर होणारी आणि कंडक्टर होणारी माणसं मुळातच वेगळी असली तर? मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या मापांच्या नोंदी मिळवल्या. १९५६ साली निघालेल्या त्या पेपरात दिसलं की तरुण वयापासूनच ड्रायव्हरांच्या पँटच्या कंबरेचं माप कंडक्टरांपेक्षा मोठं होतं. म्हणजे फरकाचा काही भाग तरी नोकरीच्या आधीपासूनचा होता. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाला धक्का लावू शकेल असा पुरावा मॉरिस स्वतः शोधत गेले.

स्वीडिश पेपरमध्ये हीच पँट नाही. गोल्फ सुरू करण्याआधी या माणसांचं वजन, रक्तदाब, सिगारेट, आहार, बाकीचा व्यायाम यांची काय स्थिती होती? सदस्यांच्या नोंदवहीत ते नसतं. सामाजिक-आर्थिक स्तराने गट पाडले तरी एकाच स्तरातल्या दोन माणसांत, एक रविवारी सकाळी उठून मैदानावर जाणारा आणि एक न जाणारा, यांत गोल्फशिवायही बरंच वेगळं असतं.

संस्थेच्या प्रसिद्धीपत्रकात असंही सांगितलं होतं की, कष्टकरी वर्गातल्या गोल्फरांमध्ये हा फायदा कार्यालयीन नोकरदारांपेक्षा जास्त दिसला. बघा, हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. एक वाचन: गोल्फ गरिबांना जास्त उपयोगी पडतो. दुसरं वाचन: कष्टकरी वर्गातला जो माणूस गोल्फ क्लबात जातो तो त्याच्या वर्गातल्या इतरांपेक्षा जास्त वेगळा असतो, निवडून आलेला असतो. दोन्ही वाचनांत आकडा तोच राहतो. कोणतं बरोबर, हे या डेटावरून ठरत नाही.

हँडिकॅप: पेपरचा सगळ्यात मजबूत आणि सगळ्यात नाजूक भाग

लेखकांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. नुसतं गोल्फर आणि बिगर-गोल्फर अशी तुलना न करता त्यांनी गोल्फरांमध्येच गट पाडले, हँडिकॅपनुसार. हँडिकॅप म्हणजे ढोबळमानाने, त्या मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा तुम्हाला किती जास्त फटके लागतात त्याचं माप. हँडिकॅप जितका कमी तितका खेळाडू चांगला. तर्क असा की चांगला खेळाडू जास्त खेळतो, म्हणून जास्त चालतो. गोल्फमुळे फायदा होत असेल तर कमी हँडिकॅपवाल्यांत मृत्युदर सगळ्यात कमी दिसायला हवा.

तसाच दिसला. सगळ्यात कमी हँडिकॅपवाल्यांचा एसएमआर ०.५३ (मर्यादा ०.४१ ते ०.६७), सगळ्यात जास्त हँडिकॅपवाल्यांचा ०.६८ (मर्यादा ०.६१ ते ०.७५).

इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. ‘दोन मर्यादा एकमेकींवर येतात, म्हणून फरक नाही’ असं म्हणून मोकळे होतात. ते बरोबर नाही. मर्यादा थोड्या एकमेकींवर आल्या तरी फरक अर्थपूर्ण असू शकतो. दोन्ही गटांचं गुणोत्तर काढून त्याची मर्यादा बघावी लागते. मी छापलेल्या आकड्यांवरून ते अंदाजे काढलं. लॉगरिदम घेऊन, दोन्हींची प्रमाणित त्रुटी काढून, वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. गुणोत्तर येतं ०.७८ आणि मर्यादा सुमारे ०.६० ते १.०२. म्हणजे फरकाकडे कल आहे, पण एक हा आकडा मर्यादेच्या काठावर आत येतोय. ‘पक्कं सिद्ध’ म्हणावं असं नाही, ‘काहीच नाही’ म्हणावं असंही नाही. हे गणित तुम्ही स्वतः करून बघा. वीस मिनिटं लागतील, आणि पेपर वाचणं म्हणजे काय ते कळेल.

आता माझ्या मते या पेपरमधली सगळ्यात बोलकी गोष्ट. ०.५३ सोडा, ०.६८ कडे बघा. सगळ्यात कच्च्या खेळाडूंच्या गटातही मृत्युदर ३२ टक्क्यांनी कमी आहे. यात नवशिके असणार, वर्षातून चार वेळा मैदानावर जाणारेही असणार. ज्यांनी फार गोल्फ खेळलेलाच नाही त्यांनाही फायद्याचा मोठा वाटा मिळत असेल, तर तो वाटा गोल्फमधून आलाय की क्लबात नाव नोंदवणाऱ्या माणसाकडे तो आधीपासूनच होता?

माझ्या या युक्तिवादालाही एक भोक आहे, ते मीच दाखवते. जास्त हँडिकॅप म्हणजे कमी खेळणारा असंच काही नाही. सत्तरीतला एखादा आजोबा आठवड्यातून तीनदा जात असेल आणि तरी वाईट खेळत असेल. उलट कमी हँडिकॅप टिकवायचा तर तब्येत ठणठणीत लागते, म्हणजे तिथेही निवड आहेच. हँडिकॅप हे ‘किती चाललात’ याचं माप म्हणून वापरलंय, पण मुळात ते कौशल्याचं माप आहे. एका गोष्टीच्या जागी दुसरी मोजली की असे दोन्हीकडून प्रश्न उभे राहतात. तुमच्या स्वतःच्या प्रयोगात तुम्ही कशाच्या जागी काय मोजताय, हे आजच वहीत लिहून ठेवा.

मग ‘पाच वर्षं’ कुठून आली?

ही पाच वर्षं कुणी मोजलेली नाहीत. कुणी गोल्फर आणि बिगर-गोल्फर मरेपर्यंत त्यांच्या मागे राहून वयं टिपलेली नाहीत. लेखकांनी म्हटलंय की मृत्युदरातली ४० टक्के घट सुमारे पाच वर्षांच्या वाढीव आयुर्मानाशी जुळते.

कशी जुळते ते आपल्यालाही काढता येतं. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ साली दाखवलं की प्रौढ वयात मृत्युदर वयाबरोबर घातांकी वाढतो. साधारण दर सात-आठ वर्षांनी तो दुप्पट होतो असं धरा. आता मृत्युदर ०.६ पट असणं म्हणजे वयाच्या शिडीवर किती मागे असणं? ०.६ म्हणजे २ चा उणे ०.७४ वा घात. ०.७४ ला सात-आठने गुणा: सव्वापाच ते सहा वर्षं. झालं. ‘पाच वर्षं’ म्हणजे ‘४० टक्के’च, वेगळ्या कपड्यात. नवा पुरावा त्यात नाही. शिवाय हे गणित धरण्यासाठी तो कमी दर आयुष्यभर टिकला पाहिजे. साठाव्या वर्षी सेट विकत घेणाऱ्या काकांना पाच वर्षं मिळतील, असं हा पेपर कुठेच म्हणत नाही.

लेखकांनी स्वतः काय म्हटलंय तेही सांगायलाच हवं. सगळी ४० टक्के घट गोल्फमधल्या शारीरिक हालचालींमुळेच आहे असं खात्रीने म्हणता येत नाही, पण ती कारणाचा एक भाग असण्याची बरीच शक्यता आहे, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं जपून केलेलं आहे. घोळ पेपरमध्ये कमी आणि पेपर पुढे नेणाऱ्यांमध्ये जास्त झाला. ‘कारणाचा एक भाग’ बातमीत आला तेव्हा ‘कारण’ झाला, आणि प्रचारात आला तेव्हा ‘म्हणून खेळा’.

दुसरा पुरावा आहे का?

आहे, आणि त्याची प्रत सारखी नाही.

२०२० साली अमेरिकेत एका पक्षाघातविषयक परिषदेत एक विश्लेषण मांडलं गेलं. सुमारे ५,९०० ज्येष्ठ नागरिक, सरासरी वय ७२, त्यांतले ३८४ जण महिन्यातून एकदा तरी गोल्फ खेळणारे. गोल्फरांत मृत्यूचं प्रमाण १५.१ टक्के, इतरांत २४.६ टक्के. आकडे डोळ्यांत भरतात. पण बहात्तराव्या वर्षी मैदानावर जाऊन काठी फिरवता येणं हीच एक तब्येतीची परीक्षा आहे, आणि त्या परीक्षेत पास झालेल्यांचीच तुलना बाकीच्यांशी होतेय. स्वीडिश अभ्यासातला प्रश्न इथे आणखी मोठा होतो.

त्यापेक्षा मला फिनलंडमधला एक छोटा अभ्यास जास्त आवडतो. पार्क्कारी आणि सहकाऱ्यांनी तो २००० साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. ४८ ते ६४ वयाचे, आधीचे काही महिने बैठी जीवनशैली असलेले ५५ पुरुष गोल्फर आणि तेवढेच तसेच बैठे, गोल्फ न खेळणारे पुरुष. वीस आठवडे पहिल्या गटाला आठवड्यातून दोन-तीन वेळा चालत गोल्फ खेळायला सांगितलं. शेवटी दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचं वजन १.४ किलोने आणि कंबर २.२ सेंटिमीटरने जास्त कमी झाली, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं, दमही वाढला. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ही मर्यादा आहे. पण इथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही मोजलंय. मॉरिस यांची पँट इथे आहे! आकडे ४० टक्क्यांसारखे दणदणीत नाहीत, म्हणून हा अभ्यास बातम्यांत फारसा दिसत नाही.

२०२३ सालचा आणखी एक फिनिश अभ्यास २५ ज्येष्ठ गोल्फरांवर होता. प्रत्येकाने तीन गोष्टी केल्या: १८ होल गोल्फ, ६ किलोमीटर काठ्या घेऊन चालणं, ६ किलोमीटर साधं चालणं. रक्तातली चरबी आणि साखर यांवरचा तात्कालिक परिणाम गोल्फमध्ये थोडा सरस दिसला. प्रत्येक माणूस स्वतःचाच कंट्रोल, ही रचना उत्तम. पण विचारा: १८ होलना चारेक तास लागतात. सहा किलोमीटर चालायला सव्वा-दीड तास. मग तुलना गोल्फ आणि चालणं यांची झाली की जास्त वेळ आणि कमी वेळ यांची?

‘म्हणून जास्त लोकांनी खेळावं’ ही पुढची उडी

समजा, गोल्फमुळे तब्येत सुधारते हे आपण मान्य केलं. तरी ‘गोल्फचा प्रसार करा’ हे त्यातून आपोआप निघत नाही. मध्ये तीन प्रश्न आहेत.

पहिला, खेळायला येणारा माणूस आधी काय करत होता? सोफ्यावरून उठून आला तर फायदा. रोज सकाळी टेकडी चढणारा माणूस ते सोडून रविवारी गाडीत बसून गोल्फ खेळायला लागला तर तोटासुद्धा होईल. दुसरा, चालतात का? चालत १८ होल खेळलं तर ११ ते १७ हजार पावलं होतात. छोट्या मोटारगाडीतून फिरलं तर त्याच्या जवळपास निम्मी.

तिसरा, किती लोक मावतात? साधा हिशोब करू. दर दहा मिनिटांनी चौघांचा गट सुरू होतो, तासाला २४ जण. खेळ संपायला चार तास लागतात, म्हणून सुरुवात करायला दिवसाचे साधारण आठ तास मिळतात. म्हणजे दिवसाला दोनशेच्या आत-बाहेर माणसं, आणि त्यासाठी सव्वाशे-दीडशे एकर जमीन, शिवाय पाणी. स्वीडनला जमिनीची टंचाई नाही आणि तिथे गोल्फ फक्त बड्या लोकांचा खेळही राहिलेला नाही. तिथलं उत्तर जसंच्या तसं उचलून चेंबूर किंवा येरवड्याच्या मैदानाला लावता येत नाही. तिथे क्लबात येण्याची चाळणी वेगळी, इथे वेगळी.

आपल्याकडे आणखी एक माणूस मैदानावर असतो जो स्वीडिश नोंदवहीत नाही: कॅडी. खेळाडूची जड बॅग उचलून तो तेच १८ होल चालतो, दिवसातून कधी दोनदासुद्धा. तेच गवत, तेच ऊन, तीच पावलं. चालण्यानेच आयुष्य वाढत असेल तर त्याचंही वाढायला हवं. वाढत असेल का? डेन्मार्कचे आंद्रेयास होल्टरमन आणि इतर संशोधक म्हणतात की फावल्या वेळेतली हालचाल आणि पोटासाठी केलेली अंगमेहनत यांचा आरोग्यावरचा परिणाम सारखा दिसत नाही. मॉरिस यांना एकाच बसमध्ये ड्रायव्हर आणि कंडक्टर दिसले. आपल्याला एकाच मैदानावर खेळाडू आणि कॅडी दिसतात. कुणाला सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करायची असेल तर हा विषय माझ्याकडून भेट.

आता उलट्या दिशेने

एवढं वाचून तुम्हाला वाटत असेल की चला, गोल्फवाल्यांची जिरली. थांबा. मे २०२५ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिन भागातला एक अभ्यास आला. पार्किन्सनचे ४१९ रुग्ण आणि ५,११३ जुळवलेले कंट्रोल. गोल्फच्या मैदानापासून एक मैलाच्या आत राहणाऱ्यांत, सहा मैलांपलीकडे राहणाऱ्यांच्या तुलनेत, पार्किन्सनची शक्यता १२६ टक्क्यांनी जास्त निघाली. मैदानावरची कीटकनाशकं भूजलात उतरत असावीत, असा अंदाज.

हा आकडा वाचून किती जणांच्या मनात ‘वाटलंच होतं’ असं आलं? पण गुणोत्तर २.२६ ची मर्यादा आहे १.०९ ते ४.७०, म्हणजे फारच रुंद. कीटकनाशक कुणाच्या शरीरात मोजलेलं नाही, अंतर मोजलंय. इथेही एका गोष्टीच्या जागी दुसरीच मोजलीय. जे प्रश्न स्वीडिश पेपरला विचारले तेच इथे विचारायला हवेत, तितक्याच कडकपणे. गोल्फ श्रीमंतांचा खेळ म्हणून आपल्याला आवडत नसेल, तर त्याच्या विरोधातला पुरावा आपण सैल हाताने तपासतो. २०१८ च्या सहमतीपत्रामागच्या प्रकल्पाला जागतिक गोल्फ संस्थांचा पाठिंबा होता, हे आपण लगेच दाखवतो आणि दाखवायलाही हवं. पण हितसंबंध फक्त पैशांचे नसतात, आपल्या आवडीनिवडीचेही असतात.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

या सगळ्यातून मी काय लिहीन? ‘गोल्फ खेळल्याने आयुष्य पाच वर्षांनी वाढते हे सिद्ध झाले आहे’ असं नाही. मी लिहीन: ‘स्वीडनमधील नोंदणीकृत गोल्फपटूंमध्ये वय, लिंग व सामाजिक-आर्थिक स्तर लक्षात घेऊनही मृत्युदर ४० टक्क्यांनी कमी आढळला, मात्र निरोगी व्यक्तींचीच निवड होण्याची शक्यता या अभ्यासात वगळता येत नाही. बैठ्या प्रौढांमध्ये चालत गोल्फ खेळल्याने वजन व कंबरेच्या घेरात माफक सुधारणा झाल्याचे एका छोट्या नियंत्रित अभ्यासात दिसले.’ लांबलचक आहे, बातमी होणार नाही. पण या वाक्यावर कुणी बोट ठेवलं तर तुम्हाला उत्तर देता येईल.

आणि कुणा ओळखीच्या काकांनी विचारलं, "गोल्फ सुरू करू का?" तर मी म्हणेन, परवडत असेल, आवडत असेल तर जरूर करा, फक्त चालत खेळा. कंटाळा येणाऱ्या जिमपेक्षा आवडणारा खेळ माणूस जास्त दिवस टिकवतो. परवडत नसेल तर टेकडी आहेच, आणि पाच वर्षं हुकली म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आता तुमचं काम. स्वतःच्या सिनॉप्सिसमधलं ‘सिद्ध झाले आहे’ असलेलं एक वाक्य शोधा. त्यामागचा पेपर पूर्ण उघडा. तुलना कोणाशी केली, यादीतून कोण गळालं, कशाच्या जागी काय मोजलं, या तीन गोष्टी एका पानावर लिहा. त्यानंतर ते वाक्य तसंच ठेवावंसं वाटलं तर खुशाल ठेवा. माझं तरी बदलावं लागलं होतं.